गौरीपर्यंत पुरवायची वडी

एका गावात एक भोळा नवरा होता. नवरे त्या गावात पुष्कळ होते, पण भोळा तेवढा हा एकच. नाव भागूजी. घरी एक म्हैस, सहा कोंबड्या आणि बायको सुंद्रा. भागूजी सांगितलेलं ऐकायचा. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. असा नवरा मिळावा म्हणून बायका उपास धरतात. मिळाल्यावर काय होतं ते आता ऐका.

सुंद्रा काटकसरी होती. एकेक साबण आणला की महाग पडतो, म्हणून तिनं बाजारातून साबणाचं अख्खं खोकं आणलं. वर्षाची बेगमी झाली. तिला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं चार दिवस टिकलं.

श्रावण तोंडावर आला. सुंद्रा रानात निघाली आणि जाता जाता म्हणाली, "आवो, घर लई घाण झालंय. मी येस्तोवर साबण लावून सगळं धुऊन ठेवा."

"सगळं?"

"सगळं."

भागूजीनं आधी भांडी धुतली. मग पाट धुतला, उंबरा धुतला, म्हैस धुतली. म्हैस चिखलात लोळली म्हणून पुन्हा धुतली. कोंबड्या धुतल्या. मग मीठ धुतलं. मीठ इतकं स्वच्छ झालं की दिसेनासं झालं. गूळ धुतला. गुळाचंही तेच झालं. मग राहिल्या गोवऱ्या. गोवऱ्यांना त्यानं फार साबण लावला. कितीही चोळलं तरी गोवरीचा मळ निघेना, आणि निघायला लागला तेव्हा सगळी गोवरीच निघून गेली. शेवटी त्यानं शेणानं सारवलेली जमीन धुतली. खाली दगड लागेपर्यंत धुतली.

संध्याकाळी सुंद्रा आली. खोक्यात एक वडी उरली होती. ती उरली, कारण धुवायला दुसरं काही उरलं नव्हतं.

सुंद्रा रडली नाही. ओरडलीही नाही. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना हे किती वाईट लक्षण आहे ते सांगायला नको. तिनं गाठोडं बांधलं.

"मी पंचमीला माहेरी चालले," ती म्हणाली. "ही वडी घ्या. गौरीपर्यंत म्हैना हाय. घर स्वच्छ ठेवायचं, कापडं स्वच्छ ठेवायची आन वडी पुरवायची. पुरली तर मी गौरीसंगं घरी येते."

"आन न्हाई पुरली तर?"

"तर मी आईकडं सुखानं ऱ्हाते."

सुंद्रा गेली. भागूजीला फार वाईट वाटलं. बायकोवर त्याचा भारी जीव होता. ती नसताना तो दोन दिवस म्हशीशी बोलला. म्हैस ऐकून घ्यायची, पण उलट बोलायची नाही, त्यामुळे करमेना. काही झालं तरी वडी पुरवायची आणि सुंद्राला घरी आणायची, असं त्यानं ठरवलं.

वडी कुठं जाऊ नये म्हणून त्यानं ती पाण्याच्या वाडग्यात ठेवली आणि वर झाकण घातलं. शेजारच्या ठकूकाकू विस्तव मागायला आल्या. त्यांनी झाकण उघडलं. ठकूकाकूंना कुणाच्याही घरातलं झाकण उघडायची सवय होती.

"आरं भागूजी, असं नसतं करायचं," काकू म्हणाल्या. "पाण्यात ठेवलास तर इरघळून जाईल की. वापरून झालं की चुलीवरच्या फळीवर ठेवायचं. ऊब लागली की कोरडं ऱ्हातं आन टिकतं."

"बरं काकू," भागूजी म्हणाला. "आता ध्यानात राहील."

आणि त्याच्या ध्यानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी त्याला भाकरीवर खायला लोण्याचा गोळा दिला. एकटा आहे, खाईल बिचारा. भागूजीनं थोडं खाल्लं आणि उरलेलं लोणी चुलीवरच्या फळीवर ठेवलं. ऊब लागली. लोणी फळीवरून निघालं, भिंतीवरून उतरलं आणि चुलीत पोचलं. मोठा जाळ झाला. भागूजी वाकून बघत होता. त्याची डावी मिशी गेली.

"आरं, असं नसतं करायचं," काकू म्हणाल्या. "लोणी गार पाण्यात सोडायचं असतं. माठातल्या पाण्यात सोडलं की चार दिवस काय होत न्हाई."

"बरं काकू. आता ध्यानात राहील."

आणि त्याच्या ध्यानात राहिलं.

मग काकूंनी त्याला काटकसरीची युक्ती सांगितली. धुण्याला वडी झिजवायची नाही, बाजारात सुटी पूड स्वस्त मिळते, ती आणायची. भागूजी बाजारात गेला, पूड घेऊन आला आणि सगळी पूड माठातल्या गार पाण्यात सोडली. चार दिवस काही होणार नव्हतं.

चार दिवस कशाला, दुपारीच सुंद्राचे वडील आले. त्यांचं नाव दादबा. भागूजी त्यांना मामा म्हणायचा. लेकीनं त्यांना मुद्दाम पाठवलं होतं. जावई खरंच सुधारतोय का ते बघून या, म्हणाली होती. मामा दोन कोस चालून आले होते. त्यांनी तांब्या भरून घेतला आणि एका दमात रिकामा केला.

तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, "जावईबापू," आणि पुढं फेस आला. त्यांना बरंच काही बोलायचं होतं. तोंड उघडलं की फेस यायचा आणि मिटलं की नाकातून बुडबुडे यायचे. एक बुडबुडा फार मोठा झाला, तो भागूजीनं कौतुकानं बघितला. फेसानं मामांचं धोतर कमरेपासून टाचेपर्यंत भिजून गेलं.

फेस संपल्यावर मामा म्हणाले, "हे धोतर धुऊन वाळवून ठेवा. आठ दिसानं परत येतो तवा घेऊन जातो. एवढं जमलं तर पोरीला सांगतो, की जा बाई, काय हरकत न्हाई."

मामा पंचा गुंडाळून गावी गेले. त्यांना तसं जाताना पुष्कळ लोकांनी बघितलं.

ठकूकाकू धावत आल्या. त्यांनी माठावरचं झाकण उघडलं. "आरं, असं नसतं करायचं. पूड कोरड्या बरणीत घालायची, झाकण गच्च लावायचं, वरनं फडकं बांधायचं. वारा म्हणून लागू द्यायचा न्हाई."

"बरं काकू. आता ध्यानात राहील."

भागूजीनं मामांचं धोतर जीव लावून धुतलं. वडी जपायची म्हणून नुसत्या पाण्यात शंभरदा खळबळलं. मग कोरडी बरणी शोधली. घरात बरणी एकच होती, लोणच्याची. लोणचं गेल्या उन्हाळ्यातलं आणि सुंद्राच्या हातचं, म्हणजे तिखट. त्यानं लोणचं खाऊन संपवलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण थांबला नाही. बरणी जिभेनं कोरडी केली, तिच्यात ओलं धोतर दाबून भरलं, झाकण गच्च लावलं आणि वरून फडकं बांधलं. आठ दिवस वारा म्हणून लागू दिला नाही.

आठव्या दिवशी मामा आले. या वेळी पाणी प्यायले नाहीत. भागूजीनं बरणी त्यांच्यापुढं ठेवली.

"हे काय?"

"तुमचं धोतर, मामा."

मामांनी फडकं सोडलं, झाकण काढलं. म्हैस दावं तोडून पळाली. धोतर पिवळं झालं होतं, मधे मधे हिरवं झालं होतं, आणि एक मोहरी त्याला चिकटून होती. मामांकडं दोनच धोतरं. दुसरं अंगावर होतं ते वाटेत ओढ्यात भिजलेलं. माणूस स्वभावानं गरीब, आणि जावयाचं मन मोडू नये म्हणून म्हणा, त्यांनी आत जाऊन ते बरणीतलं नेसलं. दहा पावलं ते ठीक चालले. मग तिखट लागलं. दादबा चाळीस वर्षांत पळाले नव्हते. त्या दिवशी ते आमच्या भागूजीच्या दारातून निघाले ते थेट ओढ्यात जाऊन बसले.

ओढ्यात बसूनच ते म्हणाले, "जावईबापू, पोरीला काय सांगू?"

"वडी तशीच हाय म्हणून सांगा," भागूजी म्हणाला.

तेवढं मात्र खरं होतं.

"आरं, असं नसतं करायचं," काकू म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज थकला होता. "ओलं कापड बरणीत कुणी भरतं का? दगडावर चांगलं आपटायचं. आपटलं की मळ आपसूक जातो, साबण लागतच न्हाई. मग पिळायचं, झटकायचं आन दोरीवर टाकायचं."

"बरं काकू. आता ध्यानात राहील."

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी काकूंच्या घरी सत्यनारायण झाला. गाव प्रसादाला आलं, चहा प्यायलं आणि गेलं. कपबशांचा ढीग पडला. काकूंचे गुडघे दुखत होते. भागूजी म्हणाला, "तुम्ही बसा काकू, मी धुतो. साबण लागणारच न्हाई."

काकू बसल्या. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातली एवढीच चूक. बाकीच्या भागूजीच्या.

परसात धुण्याचा दगड होता. भागूजीनं पहिली बशी घेतली आणि दगडावर आपटली. तिच्या दोन झाल्या. त्यानं दोन्ही आपटल्या. काम वाढत चाललं, पण तो कंटाळला नाही. कप आपटला, मग पिळायचा म्हणून त्याचा कान धरून पिळला. कान हातात आला. तो झटकला आणि दोरीवर टाकला. कान दोरीवर राहिला, बाकी काही राहिलं नाही. काकू आवाज ऐकून बाहेर आल्या तेव्हा दोरीवर कपांचे अकरा कान ओळीनं वाळत होते.

काकूंनी एकेक कान मोजला. मग पदरानं घाम पुसून म्हणाल्या, "भागूजी, असं नसतं करायचं. आपटायचं न्हाई. चुलीतली राख घ्यायची, हलक्या हातानं सगळीकडनं चोळायची, कुठं कोरं ठेवायचं न्हाई. लख्ख निघतं. आन राखेला काय दाम पडत न्हाई."

"बरं काकू. आता ध्यानात राहील."

गौरीला आता आठ दिवस राहिले. भागूजीला धीर निघेना. एकदा सासुरवाडीला जाऊन यावं, वडी दाखवावी, म्हणजे सुंद्राची खात्री पटेल, असं त्याला वाटलं. बायकोकडं जायचं तर स्वच्छ होऊन जायला हवं. त्यानं कपडे काढून ठेवले, लंगोट लावला, चुलीतली राख घेतली आणि हलक्या हातानं सगळीकडनं चोळली. कुठं कोरं ठेवलं नाही. लख्ख दिसण्यासाठी केसांतही चोळली. वर पुन्हा कपडे चढवले तर स्वच्छता झाकली जाईल, म्हणून ते घरीच ठेवले. वडी फडक्यात बांधून हातात घेतली आणि निघाला.

वाटेत लोक बाजूला होऊ लागले. एका म्हातारीनं पाया पडून विचारलं, "बाबा, माझ्या सुनंला पोरगा हुईल का?"

"ठकूकाकूला इचारून सांगतो," भागूजी म्हणाला.

म्हातारीला वाटलं ठकूकाकू ही कोणी जागृत देवी असावी. तिनं तिथल्या तिथं नारळ बोलला.

सासुरवाडीच्या दारात तो उभा राहिला. सुंद्रा नेमकी विहिरीवर गेली होती. सासूनं दार किलकिलं करून बघितलं. राख फासलेला, एकच मिशी असलेला लंगोटधारी बाबा दारात. ती सुपात पीठ घेऊन आली.

"पीठ नको," भागूजी म्हणाला. "सुंद्रा द्या."

सूप खाली पडलं.

"न्हाईतर ही वडी तरी बघा," म्हणून त्यानं फडकं सोडलं आणि हात पुढं केला.

"आवो, बाबा काय तरी भारलेलं देतोय," सासू आत बघून म्हणाली. दादबा काठी घेऊन बाहेर आले. महिन्याभरात त्यांनी जे जे सोसलं होतं ते सगळं त्यांच्या त्या काठीत उतरलं. पाठीवर दोन बसल्या. भागूजी वडी पोटाशी धरून पळाला. पाठ गेली तरी चालेल, पण वडीला धक्का लागता कामा नये.

सुंद्रा पाणी घेऊन आली तेव्हा आई सांगत सुटली. गोसावी आला, पोरीचं नाव घेऊन पोरगी मागितली, साबणाच्या वडीएवढं काही तरी दाखवत होता.

सुंद्रानं घागर खाली ठेवली. जळालेल्या मिशीचं तिला दादबांनी सांगितलं होतं. "मिशी किती हुती?"

"एकच."

सुंद्रा जी हसायला लागली ती खालीच बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राख फासून दोन कोस चालत आला, मार खाल्ला, पण वडी सोडली नाही. असा नवरा टाकून कसा द्यायचा, असं तिला वाटलं. तिचाही त्याच्यावर जीव होताच. नुसता राग आला होता.

इकडं भागूजी घरी आला आणि पालथा पडला. ठकूकाकू पाठीला तेल लावायला आल्या.

"आरं, असं नसतं करायचं," काकू म्हणाल्या. "माणसाच्या अंगाला साबणच लावायचा असतो. पर हे बघ, चांगली चीज रोजच्या रोज वापरायची न्हाई. सणावाराला काढायची. सण झाला की तोंड पुसून, होती तिथं परत नेऊन ठेवायची. अशी चीज जन्मभर पुरती."

"बरं काकू. आता ध्यानात राहील."

आणि सांगायला आनंद होतो, की या खेपेला भागूजीनं ते साबणालाच लावलं. पोळ्याला वडी काढली, अंगावरून एकदा फिरवली, पुसली आणि होती तिथं ठेवून दिली. गणपतीच्या दिवशी पुन्हा काढली, फिरवली, पुसली, ठेवली. घर झाडून सारवून घेतलं. कपडे नदीवर आपटून दोरीवर वाळवले. सगळं ज्याच्या त्याच्या जागी लागलं. ठकूकाकूंनी येऊन सगळी झाकणं उघडून बघितली. कशातही काही निघालं नाही.

गौरी आल्या त्या दिवशी सुंद्रा आली. पोचवायला दादबा आले होते. ते दारातच थांबले, पण आले. सुंद्रानं घर बघितलं. मग वडी बघितली. वडी जवळजवळ तशीच होती, कडा तेवढ्या गोल झाल्या होत्या.

"पुरवलीत," ती म्हणाली. "आता मी कुठं जात न्हाई."

भागूजीनं ते म्हशीला जाऊन सांगितलं.

दादबांचाही ऊर भरून आला. ओढ्यात बसले होते ते विसरले, फेस विसरले. जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, कमाल केलीत. वडी जशी टिकवलीत तशीच आता माझी पोरगी टिकवा. आमचं दुसरं काय मागणं न्हाई."

"बरं मामा," भागूजी म्हणाला. "ध्यानात राहील."

तीन दिवस घरात आनंद होता. गौरी सजल्या, जेवल्या, झिम्मा-फुगडी झाली. सुंद्रानं पुरणपोळ्या केल्या. भागूजी तिच्याकडं बघत बसायचा. इतका सुखात तो कधीच नव्हता. तिसऱ्या दिवशी गौरी बोळवल्या. सण संपला.

चौथ्या दिवशी सकाळी भागूजी म्हणाला, "सुंद्रे, चल."

"कुठं?"

"चल तर खरं."

सुंद्राला वाटलं, महिनाभर एकटा राहिलाय, मनात काही तरी घेऊन द्यायचं असेल. बाजाराची वाट तिच्या माहेरावरूनच जायची. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, केसांत फूल घातलं आणि निघाली. दोन कोस दोघं बोलत गेले. भागूजीनं वाटेत तिला ऊन लागू दिलं नाही, ओढ्यात पाय भिजू दिले नाहीत, दोन्ही हातांवर उचलून पलीकडं नेलं. सुंद्राला वाटलं, आपण उगाच एवढे दिवस रागावलो.

माहेरच्या दारापाशी भागूजी थांबला. खांद्यावरचं उपरणं काढून त्यानं सुंद्राचं तोंड हलक्या हातानं पुसलं. सुंद्रा लाजली. लग्नाला सहा वर्षं झाली, असं त्यानं कधी केलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, तेही त्यानं पुसलं. मग कडी वाजवली.

दादबांनी दार उघडलं. लेक दारात, जावई दारात, दोघं हसतमुख. त्यांना काही उलगडेना. "काय झालं, जावईबापू?"

"काय न्हाई, मामा," भागूजी म्हणाला आणि सुंद्राला जपून उंबऱ्याच्या आत उभी केली. "हिला होती तिथं ठेवायला आणलीय. आता दिवाळीला काढीन."